ऐतिहासिक हॉटेले आणि स्थानिक वारसा दर्जा

नोव्हेंबर २००८ मधील दहशतवादी हल्ल्यात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या मूळ वास्तूची मोठी हानी झाली. वरच्या मजल्यांना आगी लागल्या. दालने, जिने आणि लाकडी कामाची नासधूस झाली. सुमारे पावणेदोन वर्षे चाललेल्या जीर्णोद्धारानंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी ही वास्तू पाहुण्यांसाठी पुन्हा खुली झाली. तेथून पायी पंधरा मिनिटांच्या अंतरावर, काळा घोडा परिसरात, याच शहरातील आणखी एक ऐतिहासिक हॉटेल उभे आहे. एकेकाळचे वॉटसन्स हॉटेल म्हणजे आजची एस्प्लनेड मॅन्शन. ही वास्तू धोकादायक ठरल्याने २०१९ मध्ये रिकामी करण्यात आली आणि ती पाडावी की वाचवावी, यावर वाद झडला.

दोन्ही वास्तू मुंबईच्या वारसा यादीतील, दोन्हींना लागू असलेली नियमावलीही एकच. तरीही एकीचा जीर्णोद्धार झाला आणि दुसरी मोडकळीस आली. वारसा दर्जा म्हणजे नेमके काय, तो कोण देतो, त्याने कशाचे रक्षण होते आणि कशाचे होत नाही, हे समजून घेण्यासाठी या दोन वास्तूंइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. जुन्या हॉटेलचा जीर्णोद्धार झाला आणि त्याला वारसा वास्तू म्हणून मान्यता मिळाली, की आपले काम संपले असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः खरी जबाबदारी तेथून सुरू होते.

दर्जा कोणता, कोणी दिलेला?

'हेरिटेज हॉटेल' हा शब्दप्रयोग आपल्याकडे सैलपणे केला जातो. त्यामागे किमान तीन निरनिराळ्या व्यवस्था आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देणे इष्ट नाही.

पहिली व्यवस्था राष्ट्रीय आणि राज्य संरक्षित स्मारकांची. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ या कायद्यान्वये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करतो. किमान शंभर वर्षे अस्तित्वात असणे ही त्यासाठीची मूलभूत अट आहे. २०१० मधील दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंतचा परिसर प्रतिबंधित, तर त्यापुढील २०० मीटरचा परिसर नियंत्रित मानला जातो. लेणी, किल्ले आणि मंदिरांसाठी हा कायदा योग्य आहे. परंतु ज्या इमारतीत रोज शेकडो माणसे राहतात, जेवतात आणि काम करतात, तिच्यासाठी तो फारसा सोयीचा नाही. गजबजलेल्या शहराच्या मध्यभागी असलेल्या हॉटेलला हा नियम लावला तर भोवतालच्या वस्तीचे सारे व्यवहार अडतील.

दुसरी व्यवस्था पर्यटन खात्याच्या वर्गीकरणाची. केंद्रीय पर्यटन मंत्रालय १९५० पूर्वी बांधलेले राजवाडे, हवेल्या, किल्ले, शिकारखाने आणि निवासस्थाने यांत चालणाऱ्या हॉटेलांना 'हेरिटेज' या वर्गात मान्यता देते. ही मान्यता पाहुण्यांच्या सोयीसाठी असते. खोल्यांची संख्या, सेवेचा दर्जा, खानपान यांचाही त्यात विचार होतो आणि पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. मालकाने नूतनीकरण न केल्यास मान्यता संपते. इमारत पाडण्यास प्रतिबंध करण्याचे सामर्थ्य या वर्गीकरणात नाही.

तिसरी व्यवस्था स्थानिक वारसा दर्जाची. हा दर्जा नगररचना कायद्याच्या आधारे महापालिका किंवा तत्सम प्राधिकरणाच्या क्षेत्रात दिला जातो. नावाने तो 'स्थानिक' असला तरी व्यवहारात बहुधा हाच सर्वांत परिणामकारक ठरतो. कारण बांधकामाची परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार ज्या यंत्रणेच्या हाती असतो, त्याच यंत्रणेच्या दप्तरात या वास्तूची नोंद झालेली असते.

जागतिक वारसा यादीतील समावेश ही आणखी वेगळी गोष्ट. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. हा बहुमान मोठाच आहे. मात्र एखाद्या इमारतीची खिडकी बदलू द्यायची की नाही, हा निर्णय शेवटी स्थानिक नियमानेच होतो.

मुंबईची नियमावली

बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. तत्कालीन विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ वा नियम हा तिचा गाभा. नगररचनेच्या नियमांतून शहरी वास्तूंचे संरक्षण करणारा हा देशातील आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न मानला जातो. इतर अनेक शहरांनी पुढे या नियमावलीचा आदर्श समोर ठेवला. मुंबई वारसा संवर्धन समिती महापालिका आयुक्तांना सल्ला देते. यादीतील वास्तू पाडणे, बदलणे, तिच्यात भर घालणे किंवा मोठी दुरुस्ती करणे यासाठी या प्रक्रियेतून परवानगी घ्यावी लागते. नव्या विकास आराखड्यासोबत आलेल्या २०३४ च्या नियमावलीतही ही व्यवस्था पुढे चालू ठेवण्यात आली आहे.

यादीतील वास्तूंची विभागणी श्रेणींमध्ये केलेली आहे. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या अनन्यसाधारण वास्तू येतात. त्यांच्या अंतर्बाह्य स्वरूपात, मजबुतीसाठी अत्यावश्यक असेल तेवढाच बदल चालतो. दुसरी श्रेणी प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या वास्तूंची असून तिचे 'अ' आणि 'ब' असे दोन पोटभाग आहेत. 'दोन-अ' मध्ये अंतर्गत बदलांना आणि वापरातील फेरबदलांना सर्वसाधारणपणे मुभा असते, पण बाह्यरूपाची कसून छाननी होते. 'दोन-ब' मध्ये त्याखेरीज विशिष्ट परिस्थितीत त्याच भूखंडावर वाढीव बांधकाम शक्य असते. तिसऱ्या श्रेणीतील वास्तू परिसराच्या एकंदर स्वरूपासाठी महत्त्वाच्या मानल्या जातात आणि त्यांच्याबाबतचे नियम सर्वांत शिथिल असतात. याशिवाय संपूर्ण परिसरालाही वारसा क्षेत्र म्हणून मान्यता देता येते.

निवडीचे निकष केवळ वयावर आधारलेले नाहीत. वास्तुरचना, इतिहास, संस्कृती, सामाजिक आणि आर्थिक इतिहासातील स्थान, नामवंत व्यक्ती किंवा घटनांशी असलेला संबंध, वास्तुशैलीच्या विकासातील दुवा, वास्तुसमूहातील स्थान आणि तांत्रिक प्रगतीचे प्रतिनिधित्व, अशा अनेक अंगांनी मूल्यमापन होते. यादीत भर घालताना, नाव वगळताना किंवा श्रेणी बदलताना नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात आणि अंतिम निर्णय राज्य शासनाच्या पातळीवर होतो.

ही प्रक्रिया नेहमीच सुरळीत पार पडते असे नाही. २०१२ मध्ये मुंबईच्या यादीत ९०० हून अधिक नव्या वास्तू आणि परिसर समाविष्ट करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा दादरच्या शिवाजी पार्कसह अनेक ठिकाणच्या रहिवाशांनी तीव्र विरोध केला. आपल्या इमारतींचा पुनर्विकास कायमचा अडकेल, ही त्यांची भीती होती. ती सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. दर्जा देताना त्यासोबतच्या जबाबदारीचा खर्च कोण उचलणार, याचे उत्तर दिले गेले नाही तर बहुमान हा भार वाटू लागतो.

हॉटेलची वास्तू वेगळी कशी?

देवळाचे किंवा किल्ल्याचे संवर्धन आणि हॉटेलचे संवर्धन यांत मूलभूत अंतर आहे. हॉटेल ही खासगी मालमत्ता असते, परंतु तिचा दर्शनी दिवाणखाना, भव्य जिना, भोजनगृह आणि नृत्यदालन यांचा वावर सार्वजनिक असतो. शहरातील लग्ने, सभा, मेजवान्या, राजकीय भेटीगाठी तेथे घडतात. त्यामुळे हॉटेल हे मालकाचे असूनही शहराच्या आठवणींचा भाग बनते.

दुसरे असे की, हॉटेल चालत राहिले तरच जिवंत राहते. पाहुण्यांना वातानुकूलन हवे, स्वतंत्र स्नानगृह हवे, वेगवान उद्वाहन हवे. अग्निशमनाच्या नियमांनुसार सुटकेचे मार्ग, धूर रोखणारे दरवाजे आणि पाण्याचे फवारे लागतात. शंभर वर्षांपूर्वीच्या इमारतीत यांपैकी फारच थोडे असते. प्रत्येक नळ, प्रत्येक वाहिनी कुठून न्यायची, हा प्रश्न जीर्णोद्धार करणाऱ्या वास्तुविशारदासमोर उभा राहतो.

तिसरी अडचण सामग्रीची. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओलावा बाहेर टाकतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि काही वर्षांतच दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. वरकरणी चकचकीत दिसणारी दुरुस्ती कित्येकदा दुर्लक्षापेक्षाही घातक ठरते, ती अशी. १९६४ च्या व्हेनिस सनदेने याबाबत घालून दिलेले तत्त्व आजही प्रमाण मानले जाते. जेथे पुरावा संपून तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे आणि नव्याने घातलेला भाग मूळ भागाशी सुसंगत असला तरी जाणकाराला वेगळा ओळखता यावा.

ताज : दर्जा आणि सामर्थ्य यांचा मेळ

जमशेटजी टाटा यांनी उभारलेले ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. गेट वे ऑफ इंडियाचे बांधकाम पूर्ण झाले १९२४ मध्ये. म्हणजे ताज त्याहून दोन दशकांनी जुने. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी त्याचा आराखडा तयार केला आणि वैद्य यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्णत्वास नेले. मुंबईच्या सर्वांत प्रसिद्ध वास्तूंपैकी एकीच्या आराखड्यावर एका मराठी वास्तुविशारदाची मुद्रा आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धाच्या काळात या हॉटेलचे रुग्णालयात रूपांतर झाले होते.

ताजविषयीच्या दंतकथाही प्रसिद्ध आहेत. जमशेटजींना वॉटसन्स हॉटेलात प्रवेश नाकारला गेला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही त्यांपैकी सर्वश्रुत. तिच्या सत्यतेविषयी अभ्यासकांनी शंका व्यक्त केली आहे. वारसा दर्जाच्या दृष्टीने हा मुद्दा गौण नाही. वास्तूचे महत्त्व सांगणारे टिपण आख्यायिकांवर नव्हे, तर नकाशे, जुनी छायाचित्रे, करारपत्रे आणि प्रत्यक्ष बांधकामाच्या तपासणीवर उभे असावे लागते. कारण पुढे न्यायालयात त्याचाच कस लागतो.

ताजच्या शेजारी १९७३ मध्ये उंच मनोरा उभा राहिला. त्या जागेवर पूर्वी ग्रीन्स हॉटेल होते. तेही जुने, समुद्राकडे पाहणारे आणि मुंबईकरांच्या परिचयाचे. ते पाडले गेले तेव्हा शहराला वारसा नियमावलीच नव्हती. एखादी वास्तू पाडण्यापूर्वी शहराला थांबून विचार करायला लावणारी कोणतीही व्यवस्था नसली की काय होते, याचे ग्रीन्स हे उदाहरण आहे.

२००८ च्या हल्ल्यानंतर मनोऱ्याचा भाग महिन्याभरातच, डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाला. मूळ वास्तूला मात्र दीर्घ काळ लागला. हॉटेलच्या मालकांपाशी आर्थिक बळ होते, जुन्या वास्तूचे मोल त्यांना ठाऊक होते आणि तिच्याशी साऱ्या देशाच्या भावना जोडल्या गेल्या होत्या. पुढे २०१७ मध्ये या वास्तूच्या बाह्यरूपाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. भारतातील इमारतीच्या बाबतीत हे प्रथमच घडले. येथे दर्जा, मालकाची इच्छा आणि पैसा हे तिन्ही एकत्र आले. तसे सर्वत्र घडत नाही.

वॉटसन्स : दर्जा आहे, पण...

वॉटसन्स हॉटेलची वास्तू १८६० च्या दशकात उभी राहिली. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने तिची रचना केली. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईस आणण्यात आल्या आणि येथे जोडण्यात आल्या. बिडाच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या भारतातील सर्वांत जुन्या बहुमजली इमारतींपैकी ही एक. तांत्रिक प्रगतीचे प्रतिनिधित्व हा निकष तिच्याइतका क्वचितच कुठल्या वास्तूला चपखल लागू पडेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलचित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचे पहिले पान या हॉटेलात उलगडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

हॉटेल बंद पडल्यावर इमारतीचे लहान लहान गाळे करून ते कार्यालये आणि रहिवाशांना भाड्याने देण्यात आले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेल्या भाड्यातून एवढ्या मोठ्या इमारतीची निगा राखणे मालकाला परवडणारे नव्हते. भाडेकरूंनाही सज्जांचे आणि बिडाच्या सांध्यांचे शास्त्रशुद्ध संवर्धन करणे शक्य नव्हते. श्रेणी 'दोन-अ' चा दर्जा कागदावर राहिला. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून जीवितहानी झाली. जगातील संकटग्रस्त वारसा स्थळांच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडच्या २००६ च्या यादीत तिचे नाव आले. अखेर २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या तपासणीत इमारत दुरुस्तीपलीकडे गेल्याचा निष्कर्ष निघाला, तर संवर्धनतज्ज्ञांनी ती वाचवता येईल असे ठामपणे मांडले.

वॉटसन्सची कथा स्थानिक दर्जाची मर्यादा उघड करते. 'पाडू नका' असे नियम सांगू शकतो. 'जपा' असेही सांगू शकतो. परंतु जपण्यासाठी लागणारा पैसा आणि निर्णय घेणारा एक जबाबदार माणूस नियमातून निर्माण होत नाही.

कोलकात्यातील दोन हॉटेले

मुंबईप्रमाणेच कोलकाता महापालिकेचीही श्रेणीबद्ध वारसा यादी आहे. तेथील दोन हॉटेलांच्या वाट्याला आलेले भवितव्य परस्परविरुद्ध आहे.

डेव्हिड विल्सन यांनी १८४० च्या सुमारास सुरू केलेले ऑकलंड हॉटेल पुढे ग्रेट ईस्टर्न या नावाने प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्योत्तर काळात त्याला उतरती कळा लागली आणि १९७० च्या दशकात राज्य सरकारने ते ताब्यात घेतले. सरकारी व्यवस्थापनाखाली तोटा वाढत गेला. खासगीकरणाच्या प्रयत्नांना कामगार संघटनांचा विरोध होता. अखेरीस २००५ मध्ये ते ललित समूहाच्या कंपनीला विकले गेले आणि प्रदीर्घ जीर्णोद्धारानंतर नोव्हेंबर २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले. जुना दर्शनी भाग राखला गेला, आतील बाजूस नव्या सोयी आल्या आणि नव्या इमारतीचीही भर पडली. आतील बदल किती व्हावेत यावर मतभेद असू शकतात. पण इमारत उभी आहे आणि हॉटेल म्हणूनच चालते आहे.

याच शहरातील ओल्ड केनिलवर्थ हॉटेलचे तसे झाले नाही. ते 'दोन-अ' श्रेणीत होते. त्याची श्रेणी खाली आणून तिसरी करण्यात आली आणि पाडण्याचा मार्ग मोकळा झाला. २०१८ मध्ये पाडकाम सुरू झाल्यावर नागरिक आणि लेखक-कलावंतांनी निषेध नोंदवला. पण तोपर्यंत उशीर झाला होता. दर्जा देणाऱ्यालाच तो काढून घेण्याचा किंवा उतरवण्याचा अधिकार असतो. म्हणूनच श्रेणी उतरवण्याची प्रक्रिया श्रेणी देण्याच्या प्रक्रियेइतकीच खुली आणि कारणे नमूद करणारी असायला हवी.

दर्शनी भिंतीच्या आत

स्थानिक दर्जा बहुधा इमारतीच्या बाह्यरूपाचे रक्षण करतो. हॉटेलच्या बाबतीत एवढे पुरेसे नाही. हॉटेलची खरी ओळख पुष्कळदा आतल्या दालनांतच असते. या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर न्यूयॉर्क शहराच्या कायद्याने दिले आहे.

पेनसिल्व्हानिया रेल्वे स्थानकाची भव्य वास्तू १९६३ मध्ये पाडायला सुरुवात झाली आणि त्यातून उसळलेल्या लोकक्षोभानंतर १९६५ मध्ये न्यूयॉर्कने वारसा कायदा केला. अमेरिकेत राष्ट्रीय नोंदवहीतील समावेश हा मुख्यतः सन्मान असतो. स्वतःच्या पैशाने इमारत पाडू पाहणाऱ्या खासगी मालकाला तो रोखू शकत नाही. शहराचा स्थानिक दर्जा मात्र बंधनकारक असतो. सर्वसामान्य जनतेला प्रवेश असलेल्या अंतर्गत दालनांना स्वतंत्र दर्जा देण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

१९०७ मध्ये सुरू झालेल्या प्लाझा हॉटेलच्या बाह्यरूपाला १९६९ मध्येच दर्जा मिळाला होता. २००४ मध्ये ते विकले गेले आणि खोल्यांचे निवासी सदनिकांत रूपांतर करण्याची योजना जाहीर झाली. तेव्हा शहराचे लक्ष आतल्या दालनांकडे गेले. हॉटेल कामगारांच्या संघटनेने आंदोलन केले. महापौरांच्या मध्यस्थीने झालेल्या समझोत्यात मूळ योजनेपेक्षा अधिक खोल्या हॉटेलसाठी राखण्याचे ठरले. २००५ मध्ये पाम कोर्ट, ओक रूम, मोठे नृत्यदालन, प्रवेशदालने अशा प्रमुख अंतर्भागांना स्वतंत्र वारसा दर्जा देण्यात आला. जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये हॉटेल पुन्हा उघडले. पुढे २०१२ मध्ये भारतातील सहारा समूहाने त्यात बहुसंख्य भागभांडवल घेतले आणि २०१८ मध्ये ते कतारमधील कंपनीच्या मालकीचे झाले. मालक बदलत गेले, दालनांचा दर्जा कायम राहिला.

वॉल्डॉर्फ ॲस्टोरियाच्या बाबतीत हाच धडा पुन्हा गिरवला गेला. १९३१ च्या या वास्तूच्या बाह्यरूपाला १९९३ मध्ये दर्जा मिळाला होता. ते चिनी कंपनीने विकत घेतल्यानंतर आणि सदनिकांची योजना पुढे आल्यानंतर २०१७ मध्ये तेथील प्रमुख अंतर्भागांनाही दर्जा देण्यात आला. दीर्घ कामानंतर २०२५ मध्ये हॉटेलचे दरवाजे पुन्हा उघडले, मात्र खोल्यांची संख्या पूर्वीच्या तुलनेत खूपच कमी झाली होती. इमारत वाचली, दालने वाचली, हॉटेल मात्र आकसले. वास्तूच्या वापराचे रक्षण करणे हे वास्तूच्या रक्षणाहून अवघड असते, हे यावरून दिसते.

खर्चाचा प्रश्न

दर्जामुळे मालकाचा पुनर्विकासाचा हक्क मर्यादित होतो. त्याची भरपाई कशी करायची? मुंबईने यासाठी हस्तांतरणीय विकास हक्काचा मार्ग अवलंबला. वारसा नियमामुळे जे बांधकाम त्या भूखंडावर करता येत नाही, त्याचा हक्क अन्यत्र वापरण्याची किंवा विकण्याची मुभा मालकाला मिळू शकते. हा हक्क इमारतीच्या प्रत्यक्ष दुरुस्तीशी बांधला गेला तर त्याचा उपयोग, नाहीतर पैसा एकीकडे जातो आणि इमारत तशीच राहते. अमेरिकेत उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतींच्या प्रमाणित जीर्णोद्धाराच्या खर्चावर वीस टक्के केंद्रीय करसवलत मिळते आणि जुन्या हॉटेलांच्या पुनरुज्जीवनात तिचा मोठा वाटा आहे. काम ठरलेल्या मानकांनुसार झाले असेल तरच सवलत मिळते. त्यामुळे दर्जा आणि गुणवत्ता आपोआप जोडली जातात.

भरपाईशिवाय निर्बंध घालता येतात का, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकाच्या निमित्ताने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. मालमत्तेचा वाजवी उपयोग शिल्लक असेल तर शहराला असे निर्बंध घालता येतात, असा कौल १९७८ मध्ये मिळाला. हॉटेल हे तर वाजवी उपयोगाचे उत्तम उदाहरण. जीर्णोद्धारित हॉटेल स्वतःचे पोट स्वतः भरू शकते.

दर्जा देताना काय पाहावे?

वरील उदाहरणांतून काही निष्कर्ष सहज काढता येतात.

जीर्णोद्धार पूर्ण होताच दर्जाचा प्रस्ताव येणे सर्वांत सोयीचे. नकाशे, मोजमापे, जुन्या रंगांचे थर, सामग्रीची तपासणी ही सारी कागदपत्रे तेव्हा हाताशी असतात. मालकाचा उत्साह टिकून असतो आणि इमारतीची स्थितीही उत्तम असते. दहा वर्षांनी मालक बदलल्यावर हीच माहिती गोळा करणे कठीण होते.

दर्जाच्या आदेशात काय संरक्षित आहे हे नेमकेपणाने लिहिलेले असावे. 'संपूर्ण इमारत' असे मोघम लिहिण्यापेक्षा दर्शनी भाग, छप्पर, मुख्य जिना, भोजनगृह, जमिनीवरील फरशी, काचकाम अशी यादी असावी. त्याचबरोबर स्वयंपाकघर, स्नानगृहे, सेवेचे मार्ग यांसारख्या भागांत बदलाची मुभा असल्याचेही स्पष्ट नमूद करावे. त्याने मालकाची भीती कमी होते आणि समितीचा वेळही वाचतो.

जीर्णोद्धारात नवे काय आणि मूळचे काय, याची नोंद प्रामाणिकपणे ठेवावी. आगीत जळालेला लाकडी कठडा नव्याने घडवला असेल तर तो नवा आहे असेच लिहावे. त्यामुळे वास्तूचे महत्त्व उणावत नाही. उलट पुढील दुरुस्तीच्या वेळी कुठे हात लावता येईल, हे समजते.

देखभालीची ठरावीक मुदतीने तपासणी हवी. वॉटसन्सच्या बाबतीत दर्जा होता, पण दर पाच-दहा वर्षांनी सज्जांची तपासणी करून दुरुस्ती करवून घेणारी आणि तिच्यासाठी निधी उभा करणारी व्यवस्था नव्हती. अखेर पाडकाम सुचवणारा अहवाल आला.

सर्वांत शेवटी, श्रेणी बदलण्याचा प्रत्येक प्रस्ताव कारणांसह प्रसिद्ध व्हावा आणि नागरिकांना पुरेसा अवधी मिळावा. हरकती नोंदवण्याचा अधिकार कागदावर असतोच. वृत्तपत्रातील छोटी सूचना वाचून वेळेवर अर्ज करणारे नागरिक असतील, तरच त्या अधिकाराला अर्थ राहतो.

शहरे बदलतात आणि ती बदलायलाच हवीत. प्रत्येक जुने हॉटेल जपणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. परंतु कोणते जपायचे हे शहराने विचारपूर्वक, पुराव्यानिशी आणि उघडपणे ठरवावे, त्यासाठी स्थानिक वारसा दर्जा आहे. ग्रीन्सच्या वेळी ही संधीच नव्हती. केनिलवर्थच्या वेळी होती, ती गमावली गेली. वॉटसन्सचा दीडशेहून अधिक वर्षांचा बिडाचा सांगाडा या संधीचे आपण काय करतो, याची कसोटी पाहत आहे.